इंदूरच्या ताटाला जमीन किती लागते? सामूहिक शेती आणि जमिनीची राखण

काळी_माती (धागालेखिका)

इंदुरात सध्या घरच्या भाजीचा उत्साह चांगला आहे. गच्चीवर वांगी-टोमॅटो, कुंडीत पुदिना, कॉलनीच्या बगीच्यात एका कोपऱ्यात मेथीचा वाफा. मला हे सगळं मनापासून आवडतं, आमच्या सुदामा नगरातल्या घरीही ते आहे. पण याला अन्नसुरक्षा म्हणायचं असेल तर आधी जमिनीचा हिशेब मांडायला हवा. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने एका माणसाला दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी आणि ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. शिवाय दूध, फळं, तेल वेगळं. चौघांच्या घराला वर्षाला ३६५ किलो धान्य, १२४ किलो डाळ आणि ५८४ किलो भाजी झाली. आता जमीन बघा. गहू हेक्टरी साडेतीन टन धरला तर घराला दहा-साडेदहा गुंठे लागतात. (आपल्याकडे गुंठा कोणी बोलत नाही, पण महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी तोच सोयीचा: १०८९ चौरस फूट.) भाजी हेक्टरी १८ टन आणि वर्षाला दोन पिकं धरली तर दीड-दोन गुंठ्यांत भागतं. डाळीचं उत्पादन देशात हेक्टरी ९०० किलोच्या आसपास घुटमळतं, म्हणून घराच्या डाळीला तेरा-चौदा गुंठे हवेत.

मला स्वतःला हा आकडा काढल्यावर धक्का बसला. ताटात वाटीभर दिसणारी डाळ पोळीपेक्षा जास्त जमीन मागते, आणि आपण गच्चीवर जिची सोय करतो ती भाजी सगळ्यात कमी.

देशात पेरणीखालची निव्वळ जमीन १४ कोटी हेक्टर आणि लोक १४० कोटी, म्हणजे माणशी दहा गुंठे. २०११च्या जनगणनेत इंदूर शहर वीस लाखांच्या घरात होतं. त्या वीस लाखांना या दराने दोन लाख हेक्टर शेत हवं. आपला अख्खा जिल्हा ३,८९८ चौरस किलोमीटर, म्हणजे ३ लाख ९० हजार हेक्टर. त्यात चोरलचे डोंगर आले, महूची छावणी आली, रस्ते, तलाव, शहर आणि गावं आली. शहराची लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच आहे. थोडक्यात, इंदूरच्या पोटाला इंदूर जिल्हा जेमतेम पुरतो, आणि बायपासच्या पलीकडे, राऊकडे, सांवेर रस्त्याला रोज जी काळी जमीन प्लॉट होते आहे ती याच हिशेबातून वजा होते.

दुसरी गोष्ट मातीची. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदुरात होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी वनस्पती-उद्योग संस्था उभी केली. आपलं आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, आणि रसायनाचं काम यशवंत वाड पाहत. शेतातल्या पाल्या-शेणापासून खत करण्याची तिथली पद्धत १९३१ साली हॉवर्ड आणि वाड यांनी मिळून ग्रंथरूपाने मांडली. जगभर कंपोस्टच्या पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ छापली जाते ती हीच. शेतातला पालापाचोळा तीन भाग आणि शेण एक भाग, त्यात गोठ्यातली मुतरी माती आणि थोडी राख, थरावर थर, पाणी, तीनदा पलटी, तीन महिन्यांत खत तयार. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले गांधीजीही ती पाहायला गेले होते.

त्याच मालव्यात आज गहू निघाला की नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेलं काड) पेटवतात. एप्रिलमध्ये रात्री देवासच्या रस्त्याने या, दोन्ही बाजूंना शेतं जळताना दिसतात. हॉवर्ड आणि वाडांच्या हिशेबातले तीन भाग आपण जाळतो आहोत.

शहराकडून मातीला काय परत जातं? देवगुराडियाला २०२२पासून ओल्या कचऱ्याचा गॅस प्रकल्प आहे, रोज ५५० टन कचऱ्याच्या क्षमतेचा. गॅसशिवाय रोज १०० टन खत निघेल असं त्याचं नियोजन आहे. घराघरात ओला-सुका वेगळा करण्याची शिस्त इंदूरने कमावली म्हणून हे शक्य झालं, त्याचा अभिमान आहेच. तरी वर्षाचं ३६,५०० टन खत हेक्टरी पाच टनांनी टाकलं तर ७,३०० हेक्टरांना पुरेल. लागणाऱ्या दोन लाखांच्या चार टक्केही नाही. उरलेली जमीन शेतावरच्याच शेण-पाल्याने जिवंत ठेवावी लागेल, आणि ते शेतकऱ्याखेरीज कोणी करू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की सामूहिक शेतीची सुरुवात बगीच्यातून होऊ दे, पण ती तिथे थांबू नये. शहरातल्या काही घरांनी मिळून पंधरा-वीस किलोमीटरच्या आतल्या एका शेतकऱ्याशी हंगामाआधी बोली (ठराव) करावी. डाळ, गहू, भाजी काय हवं ते आधी सांगावं, काही रक्कम आधी द्यावी, पीक बुडालं तर तोटा वाटून घ्यावा. त्याची जमीन शेती म्हणून टिकणं ही आपलीही जबाबदारी समजावी.

कोणी केलं आहे का असं? अडचणी काय येतात? मोकळेपणाने लिहा.

---

रामबागेतली

डाळीचा आकडा डोक्यात बसला. पण बगीच्याला इतकं बाजूला नको सारू गं. आमच्याकडे बायकांनी मिळून बगीच्याच्या मागच्या पट्टीत भाजी लावली आहे, त्यातून घर चालत नाही हे खरं, पण आमच्या शाळकरी मुलांना गिलकीचा वेल कोणता आणि दोडक्याचा कोणता हे आता लांबून कळतं. ज्या पिढीला पीक ओळखता येत नाही ती उद्या शेतकऱ्याशी बोली काय करणार?

नवीन लावणाऱ्यांसाठी: आपल्या काळ्या जमिनीत सपाट वाफे करू नका. जुलैत पाणी तुंबतं, मुळं कुजतात. वीतभर उंच गादीवाफा करा आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी निघून जायला चर ठेवा. पावसाळ्यात गिलकी, दोडकी, भेंडी, गवार, चवळी. मेथी-पालक, मटार, मुळा, लसूण दसऱ्यानंतर. कुंपणाला शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू लावले की वर्षानुवर्षं बघायला नको. आणि गराडू जरूर लावा. सराफ्यातल्या खाऊगल्लीत थंडीत आपण जे तळून, वर जीरावन मसाला भुरभुरून खातो ते कंद जूनमध्ये लावायचे, वेल चढवायला आधार द्यायचा, डिसेंबरात खणायचे. फार जागा लागत नाही, आणि हे आपल्या मालव्याचं पीक आहे.

बी दरवर्षी विकत आणू नका. एक चांगला दोडका वेलावरच वाळू द्या, आतून खुळखुळ वाजला की काढा.

---

मंडी_रोज

भाजीच्या चोइथराम मंडीत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. मंडीला सगळे दलालांचा अड्डा म्हणतात, पण पहाटे निमाडातून, महूकडून, देवास-उज्जैनकडून गाड्या आल्या नाहीत तर शहर दुपारी उपाशी बसेल. एका शेतकऱ्यावर पन्नास घरं अवलंबून राहिली आणि त्याच्याच शेतावर गारपीट झाली तर काय? मंडीत एका भागातला माल बुडाला तर दुसरीकडून येतो. सुरक्षा म्हणतात ती हीसुद्धा आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आधी पैसे भरणारी घरं कोणती? पगारदार. माझ्याकडे हमाली करणाऱ्यांची घरं रोजच्या कमाईवर भाजी घेतात, तीही संध्याकाळी भाव उतरल्यावर. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यांना माणशी पाच किलो धान्य मिळतं. डाळ आणि भाजी नाही मिळत. तुमच्या योजनेत त्यांना जागा नसेल तर तिला चांगली भाजी खाण्याची योजना म्हणा, अन्नसुरक्षा म्हणू नका.

---

काळी_माती

काका, दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. तो विचारात घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही असं आम्ही आताच आपसात बोललो. एक वाट दिसते: काही वाटे पैशांचे आणि काही वाटे कामाचे ठेवावेत. खुरपणी, काढणी, निवडणं, पोत्यात भरणं या कामाचे रोख मजुरीबरोबर डाळीचे वाटे बांधून द्यायचे. आणि पैसे भरणाऱ्या घरांनी थोडा जास्त भाव देऊन जवळच्या अंगणवाडीसाठी डाळ काढून ठेवायची. अंगणवाडीचं प्रत्यक्षात कसं बसवायचं हे तिथल्या ताईंशी बोलूनच ठरेल.

मंडी नकोच असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मंडी राहणारच. पण मंडीला माल पाठवणारी जवळची जमीनच राहिली नाही तर गाड्या आणखी लांबून येतील आणि भाव ठरवण्यात आपला हात आणखी आखूड होईल.

---

पुण्याहून

वाचत आहे. पुण्यात काही गट आठवड्याला भाजीची टोपली देतात, पण ती पालेभाज्यांपुरतीच. डाळ-गव्हाचा विचार करणारा धागा पहिल्यांदाच पाहिला. वाचनखूण साठवली.

---

खुडेलचा_शेतकरी

मी खुडेलकडे शेती करतो. घराणं होळकरांच्या वेळेपासून इथलं, घरात मराठी, बांधावर मालवी. शेतकऱ्याशी बोली करायची म्हणता, तर शेतकऱ्याच्या बाजूने लिहितो.

आजोबांच्या वेळी पावसाळ्यात बरीच काळी जमीन मोकळी ठेवत. दोनदा-तीनदा वखर मारायचे, ओल मुरवायचे आणि त्या ओलीवर रब्बीत पाणी न देता गहू-हरभरा घ्यायचे. बाकीच्या तुकड्यांत ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ. सत्तरच्या दशकात सोयाबीन आलं आणि त्या मोकळ्या जमिनीत पावसाळ्याचं रोख पीक उभं राहिलं. मी सोयाबीनला नावं ठेवणार नाही. मालव्यातली घरं त्याने बांधली, पोरं शिकली, विहिरी खोल झाल्या. पण ते आम्ही खात नाही. तेल गिरणीला जातं, पेंड कोंबड्यांना आणि परदेशी. शेतात उभं पीक असताना तूरडाळ मी किराणा दुकानातून आणतो. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मंडीत त्याच्या खालीच विकावं लागलं, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

मग तूर का लावत नाही? कारणं सांगतो. तूर सहा महिने आणि वर रान अडवते, गव्हाचा हंगाम हातचा जातो. रोजडे (नीलगायी) रात्रीतून शेंडे खाऊन जातात. आणि जानेवारीत पाला पडला, म्हणजे दंव गोठलं, की फुलोऱ्यातली तूर एका रात्रीत काळी पडते. सकाळी शेतात गेलं की पानं हातात कुरकुरतात आणि दुपारी उकडल्यासारखी लोंबतात. त्या वर्षी मला सगळ्यांनी सहानुभूती दिली, पैसे कोणीच दिले नाहीत. तुमची बोली या दिवसासाठी हवी. चांगल्या वर्षी गिऱ्हाईक कोणालाही मिळतं.

सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी असं आंतरपीक मात्र करता येतं. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, तूर मागे राहते, एक बुडालं तर दुसरं हाताशी असतं. तुरीचा पाला गळून जमिनीवर गादी होते. ती जागा पुढच्या वर्षी नांगराला हलकी लागते, हे मी तासावर चालताना पायाला ओळखतो.

भाजीबद्दल सांगतो. तुम्ही म्हणाल तेवढी मेथी-पालक लावतो, पण घरी पाहुणे आहेत, गावाला चाललोय, या आठवड्यात नको, असं चालणार नाही. पालक शेतात थांबत नाही. आणि भाव मंडीशी बांधू नका. मंडी चढली की मला वाटेल मी फसलो, उतरली की तुम्हाला. बी, खत, मजुरी, पाणी आणि माझी मेहनत असा खर्च समोर बसून मांडू आणि त्याच्याशी भाव बांधू.

जमिनीचं सांगायचं तर शेजारचं शेत मागच्या वर्षी विकलं गेलं. रजिस्ट्री झाली आणि लगेच खांब रोवून तारा ओढल्या. तिथून माझ्याकडे येणारा पाण्याचा ओघळ आता त्यांच्या भिंतीने अडलाय, पावसात पाणी माझ्या बांधावर चढतं. मलाही गिऱ्हाइकं येतात. मुलगा म्हणतो, विकून बँकेत ठेवले तर व्याजच शेतीपेक्षा जास्त येईल. त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. पन्नास घरं पाच वर्षांची बोली लिहून देत असतील तर काही उत्तर होईल.

---

रामबागेतली

दादा, हे वाचून आमच्या सगळ्या गटाला पाठवलं. पाल्याच्या वर्षी पैसे बुडाले असं समजायचं नाही, ते तुरीच्या पुढच्या वर्षीच्या बियाण्याचे समजायचे, यावर आमच्याकडे तरी एकमत आहे.

---

सर्वोदय_वाचक

पाच वर्षांच्या बोलीपुढचा प्रश्न मालकीचा आहे आणि त्यावर इंदूरला जुना वारसा आहे. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ला पोचमपल्लीत भूदान सुरू केलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. १९६०च्या पावसाळ्यात चंबळच्या खोऱ्यातून ते इंदूरला आले, आठवडे राहिले आणि इथे विसर्जन आश्रम स्थापन केला. त्यांनी देशात सहा आश्रम उभे केले, त्यातला हा एक. सर्वोदय नगर कसं असावं याचा विचार त्यांनी इंदूर समोर ठेवून केला.

भूदानातून पुढे ग्रामदान निघालं. त्यात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा हक्क त्या-त्या घराकडे आणि वारसाकडे राहतो, पण गावाबाहेर विकता येत नाही. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे त्याचं आजचं उदाहरण आहे. भूदानातली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली आणि वाटप रखडलं, हेही खरं. ग्रामदानाची कल्पना मात्र जमिनीची राखण या विषयाच्या गाभ्याशी जाते.

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेत रॉबर्ट स्वान आणि स्लेटर किंग यांच्यासारख्या नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनी भूदान-ग्रामदानाचा अभ्यास केला. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून काळ्या कुटुंबांना जॉर्जिया राज्यात शेतांवरून हाकलत होते. १९६९ साली त्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाने ५,७०० एकरांच्या आसपास जमीन सामूहिक विश्वस्त संस्थेच्या नावावर घेतली. जमीन संस्थेची, कसणारे दीर्घ पट्ट्यावर. आज अमेरिकेत शेकडो सामूहिक भूविश्वस्त संस्था आहेत, त्यांची सुरुवात इथून मानली जाते. चार्ल्स आणि शर्ली शेरॉड यांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. दुष्काळ पडला, कर्ज वेळेवर मिळालं नाही, आणि १९८५ला जमीन गेली. कर्जात भेदभाव झाला हे नंतर सिद्ध झालं, २००९ साली एक कोटी वीस लाख डॉलरांची भरपाई मंजूर झाली आणि त्यांनी जॉर्जियातल्याच अल्बनी शहराजवळ पुन्हा जमीन घेतली.

मला यातून दिसतं ते असं: जमीन समूहाच्या नावावर करून भागत नाही. वाईट वर्षात त्या समूहाला पैसे कोण देणार हे आधी लिहून ठेवावं लागतं. खुडेलच्या दादांनी पाल्याच्या सकाळी हेच विचारलंय.

---

वही_खसरा

कायद्याचं थोडं. मध्यप्रदेशात २०१६चा भूमिस्वामी (जमीनमालक) आणि बटाईदार (दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा) हितसंरक्षण कायदा आहे. त्याआधी शेतकरी लेखी द्यायला घाबरत, कारण कसणारा पुढे हक्क सांगेल ही भीती. आता लेखी करार पाच वर्षांपर्यंत करता येतो, मुदत संपली की वाढवता येतो, एक प्रत तहसीलदाराकडे जाते, आणि बटाईदाराला मालकी मिळत नाही. नैसर्गिक आपत्तीची मदत दोघांत कशी वाटायची हेही करारात येतं. म्हणून तोंडी बोली करू नका. तुमच्या गटाने फक्त माल घ्यायचा असेल तर बटाईचा करार लागत नाही, खरेदीचं लिखित करून ठेवा. स्वतः जमीन कसायला घेणार असाल तर मात्र हा कायदा वाचा.

कॉलनीच्या बगीच्याबद्दल: कॉलनी नगर निगमकडे (महापालिकेकडे) हस्तांतरित झाली असेल तर बगीचा निगमचा. रहवासी संघाने पार्षदांना (नगरसेवकांना) भेटून लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर एक तक्रार आणि वाफे उखडले.

गावात चरनोईची (गुरांच्या चराईची) जमीन असते, ती कोणी लक्षात घेत नाही. भू-राजस्व संहितेच्या कलम २३७ प्रमाणे चराईसाठी राखलेली जमीन गावच्या शेतजमिनीच्या दोन टक्क्यांखाली आणता येत नाही. गाई चरल्या तर शेण, शेण असेल तर हॉवर्डचा खड्डा. आपल्या गावाची चरनोई कागदावर किती आणि जागेवर किती, हे पटवाऱ्याकडे (तलाठ्याकडे) जाऊन बघण्यासारखं काम आहे.

---

मातीपरीक्षा

दोन सूचना, दोन्ही आरोग्याच्या.

शहरी खत घ्याल तर तपासणीचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादा आहेत. आपल्याकडे कचरा घरातच वेगळा होतो म्हणून धोका कमी, पण पालेभाजी शिसं आणि कॅडमियम पटकन उचलते, तेव्हा अहवालाशिवाय पालेभाजीला ते टाकू नका. तसंच पाणी. कान्ह नदीच्या काठाने नाल्याच्या पाण्यावर वाढलेली हिरवीगार भाजी दिसते, तिच्या हिरवेपणावर जाऊ नका. विहीर, बोअर की नाला, हे शेत निवडताना पहिल्यांदा विचारा.

माती तपासणीसाठी कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना कसा घ्यायचा ते सांगतो. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करून वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा, आणि त्याच्या एका बाजूवरून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती कापा. सगळी माती कापडावर सावलीत पसरून मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा, असं करत अर्धा किलो उरवा. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन) किती आला तो आकडा जपून ठेवा. पाच वर्षांच्या बोलीत तो चढला की उतरला हे दरवर्षी बघा. जमीन राखली का याचा त्याहून सरळ पुरावा नाही.

---

देवासकर

पाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. देवासला नव्वदच्या सुमारास रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, बोअर इतके खोल गेले होते. २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की शेताच्या दहाव्या भागात तलाव खणा. भगीरथ कृषक अभियान म्हणतात ते हेच, आणि तलावाला रेवा सागर. टोंकखुर्दकडच्या शेतकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून खणले, हजारोंनी झाले. दहावा भाग गेला तरी रब्बीला खात्रीचं पाणी मिळालं म्हणून एकूण पीक वाढलं.

झाबुआत भिल्ल लोक हलमा बोलावतात, आपल्याकडे इर्जिक करतात तसं. हजारो माणसं गैती-फावडं घेऊन हाथीपावा टेकडीवर पाणी अडवायला चर खणतात. शहरातल्या घरांनी वर्षातून एकदा शेतकऱ्याच्या बांधावर असं जावं. भिंतीने अडलेला तो ओघळ दहा माणसांत एका दिवसात वळवता येईल, शेजाऱ्याशी बोलून.

---

काळी_माती

सगळ्यांचं वाचून आमच्या गटात ठरलं ते लिहिते. भाजी या वर्षी बगीच्यातच, लेखी परवानगी घेऊन. शेतावर पहिल्या वर्षी फक्त तूर, कारण जमीन सगळ्यात जास्त तिला लागते, साठवता येते, आणि मंडी_रोज काकांनी म्हटलेल्या घरांना सगळ्यात जास्त गरज तिचीच आहे. पैशांचे तीन वाटे तर कामाचा एक, हे प्रमाण धरलं आहे. नरवाई जाळायची नाही, तिचा हॉवर्डच्या पद्धतीने खड्डा भरायचा, आणि त्याच्या मजुरीचा खर्च भावात धरायचा. पाला पडला तर आगाऊ रक्कम परत मागायची नाही. खुडेलचे दादा, तुम्हाला यात काय बदलायचं आहे?

---

खुडेलचा_शेतकरी

दोन गोष्टी. खड्डा जूनच्या आधी भरायला हवा. पावसात भरला तर पाणी साचून सडतो, तीन महिन्यांनी हाती काळा चिखल येतो. पहिल्या पलटीला मजूर मी बघतो, त्या दिवशी तुमच्यातल्या दोघा-तिघांनी यावं. मधला थर उपसला की वाफ बाहेर येते आणि हात घालवत नाही. तेवढी ऊब नसेल तर शेण कमी पडलं असं समजा.

दुसरं, आगाऊ रक्कम पेरणीच्या आधी निम्मी आणि सोयाबीन निघाल्यावर निम्मी. तूर घरात येईपर्यंत थांबलात तर मधल्या काळात मला सावकार बघावा लागेल.

दोन बिघे देतो. चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरणार नाही, तेव्हा तारीख विचारू नका. पेरणीआधी एकदा जमीन बघून जा, मे महिन्यातच या. भेगा पडलेल्या असतात, त्यात काठी घालून काळी माती किती खोल आहे ते तुम्हीच मोजा.

---

रामबागेतली

आमची पाच घरं आणि बगीच्यात काम करणाऱ्या दोन मावशींची दोन. मावशी म्हणतात खुरपणीचा वाटा त्यांना चालेल, पण येण्या-जाण्याचं गाडीभाडं गटाने द्यावं. ते बरोबर आहे. मातीपरीक्षा दादा, त्याच दिवशी तुम्ही नमुना घ्यायला येऊ शकाल का? आणि डाळ सालासकट हवी की बिनसालाची, भरडायला कुठे न्यायची, हे शेतावरच ठरवू.